ग्रंथालयांसाठी सोशल सॉफ्टवेअरचा ऑनलाइन कोर्स : काही महिने वापरून झाल्यावर

परवा काउंटरवरच्या एका कामासाठी कोर्सचा चर्चाकक्ष उघडायला गेले, तर 'आपल्या प्रवेशाची मुदत संपली आहे' अशी पाटी आली. वाचकांनी पुस्तकांना दिलेले टॅग, म्हणजे त्यांनी आपल्या मनाने चिकटवलेले शब्द, तपासून मगच तालिकेत (ग्रंथालयाच्या पुस्तकयादीत) दिसू द्यायचे, अशी सोय कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोजच्या धबडग्यात ते तपासायचं कुणी आणि कसं, यावर आमच्या तुकडीतल्या एका ग्रंथपालबाईंनी लांबलचक आणि फार कामाचं उत्तर लिहिलं होतं. मला तेवढंच हवं होतं. मदतकक्षाला मेल केली. उत्तर आलं की व्हिडिओ हवे असतील तर पुन्हा शुल्क भरा, चर्चा मात्र ठरावीक मुदतीनंतर काढून टाकल्या जातात.

म्हणजे लोकांनी एकमेकांना लिहिलेलं हाच ज्या कोर्सचा विषय, तो तेच सगळ्यात आधी केरात टाकतो! हा अनुभव मी बऱ्याच गोड शब्दांत लिहिणार होते. आता नाही.

अभ्यासक्रमाची यादी बहुतेकांनी पाहिली असेलच : ब्लॉग, आरएसएस (साइटवर नवं काय आलं ते आपोआप कळवणारी सोय), विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची आणि दुरुस्त करायची पानं), टॅगिंग, फोटो, सोशल नेटवर्क. रंगनाथनांची 1931ची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पहिल्याच स्लाइडवर आहेत, ती नसती तरच नवल. पुढे लायब्ररी 2.0चा, म्हणजे वाचकांनाही ग्रंथालयाच्या कामात सामील करून घ्यायच्या विचाराचा इतिहास, तोही ठीक. अमेरिकेतल्या शार्लट-मेक्लेनबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलीन ब्लोअर्स यांनी 2006 मध्ये चालवलेला '23 थिंग्ज' उपक्रम शिक्षकांनी चांगला समजावला. कर्मचाऱ्यांनी एकेक साधन स्वतः हाताळायचं, त्यावर लिहायचं आणि सगळं पूर्ण केलं की एमपी3 प्लेअर मिळवायचा. हा आराखडा त्यांनी इतर ग्रंथालयांना मोकळेपणाने वापरू दिला, म्हणून तो जगभर पसरला. 2007 मध्ये झालेला 'फाइव्ह वीक्स टू अ सोशल लायब्ररी' हा कोर्सही मोफत होता. जागा मोजक्या, पण साहित्य कुणालाही पाहता येत होतं. हे सगळं मला शुल्क घेऊन शिकवलं गेलं, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. प्रत्येक धड्यात 'खातं उघडा' आहे, पण 'आपलं सामान बाहेर कसं काढायचं' हे एकाही धड्यात नाही. आणि या विषयात तर दर दोन-चार वर्षांनी कुठलं ना कुठलं दुकान बंद होतं. आरएसएस वाचायचा गूगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झाला. आवडलेल्या वेबपानांचे दुवे साठवायचं डिलिशस 2003 मध्ये निघालं, 2005 मध्ये याहूने घेतलं, मग हात बदलत बदलत 2017 मध्ये त्याच धर्तीच्या पिनबोर्डकडे गेलं आणि तिथे नवीन काही साठवणं थांबलं. विकीसाठी जागा देणाऱ्या विकिस्पेसेसने 2018 मध्ये गाशा गुंडाळायला घेतला. फोटो ठेवायच्या फ्लिकरने 2019 मध्ये फुकट खात्यांवर 1,000 फोटोंची मर्यादा आणली. ज्या ग्रंथालयांनी जुने फोटो हौसेने चढवले असतील, त्यांच्यापैकी मूळ फाइली जपून न ठेवणाऱ्यांची काय धांदल उडाली असेल! कोर्समध्ये यातली काही नावं येतात, पण 'पूर्वी हे होतं' एवढंच सांगून गाडी पुढे. लोकांनी आपल्या याद्या आणि पानं कशी वाचवली, कुठल्या स्वरूपात, हे कुणी सांगत नाही. मी आता कुठलंही साधन निवडताना आधी सेटिंगमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट' शोधते. तिथे उत्तर नसेल तर बाकीची वैशिष्ट्यं वाचायलाही बसत नाही. घरचे म्हणतात, हिला आता हेच एक खूळ लागलंय. असू दे.

आता चांगलं. आरएसएसचा आठवडा पैसे वसूल करणारा होता. सगळे म्हणतात हे जुनं झालं, पण कोहामध्ये कुठलाही शोध घ्या, निकालाबरोबर त्याचं आरएसएस फीड मिळतं. एका विषयाची नवी पुस्तकं वेबसाइटच्या कोपऱ्यात आपोआप दिसावीत, एवढं काम आम्ही त्यावर केलं. ते एकदा लावल्यापासून मुकाट चालू आहे. वाचकाला लॉगिन नाही, ॲप नाही, आणि गूगल रीडर गेला तरी फीड कुठे गेलं नाही, कारण ते कुणा एकाच्या मालकीचं नाहीच.

विकीच्या आठवड्याला मी तेव्हाच्या अभिप्रायात सर्वांत कमी गुण दिले होते. अर्धा वेळ विकीच्या मजकुरात कंस आणि तारांकनं कुठे घालायची यातच गेला. पण गुण आता वाढवते. वाचकांसाठी विकी काढायचा बेत आमच्याकडे बारगळला, पण काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेला तग धरून आहे. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई कशी लावायची, बारकोड वाचला जात नसेल तर काय करायचं, बांधणीला गेलेल्या अंकांची नोंद कुठे ठेवायची, असलं सगळं त्यात आहे. दुपारपाळीच्या माणसाला चूक दिसली की तो तिथल्या तिथे दुरुस्त करतो आणि जुनी आवृत्तीही शाबूत राहते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये पहिली विकी चालू केली, तेव्हापासून तिथल्या तिथे दुरुस्ती हीच तर तिची खुबी. कोर्समध्ये ती कंसांच्या गर्दीत दबून गेली.

टॅगिंगबद्दल मात्र मत खालावलं. टॉमस व्हँडर वाल यांची 2004ची 'फोक्सॉनॉमी', म्हणजे लोकांच्याच टॅगमधून वर्गीकरण उभं राहायचं, ही कल्पना ऐकायला सुरेख. आम्ही तालिकेत सोय सुरू केली. टॅग आले थोडेच, आणि त्यातले बरेचसे 'वाचायचंय', 'परीक्षेसाठी' अशा थाटाचे. देणाऱ्याला सोयीचे, दुसऱ्याला निरुपयोगी. टॅगला अर्थ येतो तो ढिगाने आल्यावर, आणि एका ग्रंथालयाच्या वाचकांकडून एवढा ढीग जमत नाही. आपापल्या पुस्तकांची यादी ऑनलाइन ठेवायच्या लायब्ररीथिंगने आपल्या सदस्यांचे टॅग इतर ग्रंथालयांच्या तालिकांना पुरवायची सेवा काढली, ती याच अडचणीवर. एवढं साधं गणित धड्यात नाही. उलट कोर्सच्या हँडआउटमध्ये लायब्ररीथिंगवर फुकटात 200च पुस्तकं, असं अजून छापलेलं आहे. ती मर्यादा 2020 मध्येच उठली. दोन पानांचा कागद, तोही कुणी अद्ययावत करू नये?

वाचकांच्या गोपनीयतेला एक स्लाइड. कुणी काय वाचलं हे बाहेर फुटू न देणं हे आपलं जुनं व्रत, आणि इथे वाचकानेच ते चारचौघांत सांगावं अशी साधनं शिकवतात. यावर किमान एक तास वाद व्हायला हवा होता. वाचनाचा इतिहास किती काळ ठेवायचा हे कोहामध्ये वाचकाच्या हाती देता येतं, हे मला नंतर स्वतः शोधताना कळलं.

शिक्षकांबद्दल तक्रार नाही. गृहपाठावरचे त्यांचे शेरे नेमके होते आणि फुकाची वाहवा नव्हती. तारे तीन देते : दोन आरएसएसला आणि एक विकीला, तोही उशिराने. नाव नोंदवणार असाल तर पहिल्या दिवसापासून चर्चेतलं जे जे कामाचं वाटेल ते आपल्या संगणकावर उतरवून ठेवा. इतरांची उत्तरं कुठे वापरणार असाल तर आधी त्यांना विचारा.

मदतकक्षाला मी पुन्हा लिहिलं. या वेळी माझ्या स्वतःच्या नोंदींची एक साधी मजकूर फाइल आली, बाकीच्यांच्या उत्तरांशिवाय. नुसते माझे प्रश्न, एकाखाली एक. दरम्यान प्रगत कोर्सवरच्या सवलतीच्या मेल येतच असतात. त्या यादीतून नाव काढायचं बटण मात्र दिलेलं आहे, आणि ते पहिल्या झटक्यात चालतं.