बोटीचा ट्रान्सम सडलाय, मरीन प्लाय घालू की ओतायचं कंपाउंड?

मोटर वर उचलली की ट्रान्सम (मोटर बसते ती बोटीची मागची भिंत, दोन फायबरच्या कातड्यांमध्ये लाकूड) हलतोय, बोल्टच्या भोकातून काळपट पाणी येतंय, म्हणजे आतलं लाकूड गेलं. आता प्रश्न एवढाच की नवीन काय भरायचं.

खर्चात प्लाय स्वस्त, पण नुसत्या प्लायचा हिशोब करू नका, इपॉक्सी आणि ग्लास कापड त्याहून जास्त खातं. कंपाउंड (पातळ ओतायचं आणि आत घट्ट होणारं भरण) महागच पडतं, जागा मोठी असेल तर फारच.

मेहनत मात्र उलटी. प्लायसाठी एका बाजूची फायबरची कातडी कापून काढायची, 18 मिमीचे दोन थर चिकटवून क्लॅम्प लावायचे, मग परत ग्लासिंग (रेझिनने ग्लास कापड चढवणं) आणि त्यात अंगाला खाज आणणारं ग्राइंडिंग. इपॉक्सी वापरणार तर चॉप्ड मॅट (तुटक काचतंतूंची चटई) नको, बायअॅक्सियल (दोन दिशांनी धागे असलेलं) कापड घ्या, कारण मॅटमधला बाइंडर (तंतू धरून ठेवणारा चिकटा) स्टायरीनने (पॉलिएस्टर रेझिनमधलं द्रावक) विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. कंपाउंडला फक्त वरची कड उघडायची, चेनसॉने सडका भुगा ओढून काढायचा आणि ओतायचं. पण आतली भिंत पूर्ण कोरडी नि स्वच्छ हवी, दोन्ही कातड्या शाबूत हव्यात आणि बाहेरून फळ्यांचा आधार हवाच नाहीतर वजनाने फुगते.

टिकण्यात कंपाउंड पुढे, ते सडत नाही. प्लायही वर्षानुवर्षं टिकतो पण प्रत्येक भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरून मगच परत ड्रिल केलं तर, आणि लोक नेमकं हेच टाळतात.

कातडीला तडे असतील किंवा बजेट कमी असेल तर प्लाय, कातडी ठणठणीत आणि वेळ कमी असेल तर कंपाउंड.