सात महिने इंजेक्शन घेतल्यानंतर

वय ५६, मधुमेह १४ वर्षांचा, राहणार घोडबंदर रोड, ठाणे. लिंगाला ताठरता येत नाही म्हणून सात महिने अल्प्रोस्टॅडिल या औषधाचं इंजेक्शन लिंगातच घेतोय. याबद्दल मी तीन वर्षं कुणाशी बोललो नाही, बायकोशीसुद्धा नाही. ती तीन वर्षं फुकट गेली, म्हणून सगळं उघड लिहितोय.

गोळ्यांनी फरक पडला नाही. सिल्डेनाफिल या गोळीचं काम व्हायला मज्जातंतूंकडून इशारा यावा लागतो आणि माझे तंतू साखरेने पोखरलेत. हे इंजेक्शन लिंगातले स्नायू थेट सैल करतं, मग रक्त आत शिरतं. युरोलॉजिस्टनी कागदावर चित्र काढून समजावलं. त्याआधी हृदयाची तपासणी करून घेतली, कारण कधी कधी हृदयविकाराच्या आधी हीच तक्रार दिसते.

पहिला डोस दवाखान्यातच, २.५ मायक्रोग्रॅम. काहीच झालं नाही. चौथ्या खेपेला १० वर जमलं. पोटात इन्सुलिन रोज टोचतो, तरी तिथे टोचायचं म्हटल्यावर हात थरथरला. सुई तितकीच बारीक असते. टोचायचं कडेला, वर किंवा खाली नाही, आणि दर खेपेला बाजू बदलायची. मला रक्त पातळ ठेवायला अ‍ॅस्पिरिन चालू आहे, त्यामुळे नंतर पाच मिनिटं घट्ट दाबून धरतो. दहा-पंधरा मिनिटांत ताठरता येते, पाऊण तास टिकते. आत ठसठस व्हायची, ती आता बरीच कमी आहे. इच्छा मात्र आपली आपल्यालाच असावी लागते, ती औषधातून येत नाही.

तिसऱ्या महिन्यात मी मनानेच डोस वाढवला. दोन तास झाले, तीन झाले, उतरेना. हिनेच डॉक्टरांना फोन लावला. "चार तासांवर गेलं तर आतल्या पेशींना कायमची इजा होते, लगेच निघा," म्हणाले. रिक्षा माजिवड्याला पोचेपर्यंत उतरलं, तरी दाखवून आलो. रस्ताभर तिने माझा हात सोडला नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, आता मला विचारल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही."

तेव्हापासून सिरिंज तीच भरते, वहीत तारीख आणि डोस तीच लिहिते. दोन डोसांत किमान २४ तास, आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाही. आत कुठे गाठ धरली आहे का, हे डॉक्टर दर तीन महिन्यांनी हाताने तपासतात. अजून काही सापडलेलं नाही, औषध चालू ठेवलंय.