आयात केलेली जुनी गाडी: आरसी खरी होती, बिल ऑफ एन्ट्री खोटे होते

जानेवारी २०२५ मध्ये मी जपानमध्ये बनलेली एक जुनी लँड क्रूझर प्राडो २१ लाख रुपयांना विकत घेतली. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे, पावसाळ्यात बागेपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर नुसता काळ्या मातीचा चिखल असतो, म्हणून फोर-व्हील-ड्राइव्ह दणकट गाडी हवी होती आणि नवी घेण्याची ऐपत नव्हती. आज ती गाडी सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात आहे आणि एक रुपयाही परत मिळालेला नाही. त्या २१ लाखांपैकी ६ लाख माझ्या आईच्या मुदत ठेवीतले होते. गेल्या काही महिन्यांत नागपुरातल्या दोघा ओळखीच्यांनी मला अशाच "बाहेरच्या, स्वस्तात मिळणाऱ्या" गाडीबद्दल विचारले, त्यामुळे घडलेले सर्व लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

गाडी दाखवणारा एजंट आमच्या एका नातेवाइकाच्या ओळखीचा होता. गाडीला ईशान्येकडील एका राज्याचा क्रमांक होता. मी त्याबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, आरसी आहे, ॲपवर गाडी दिसते, मग टेन्शन कायले घेता?" आणि खरोखरच एमपरिवहन या सरकारी ॲपवर क्रमांक टाकला असता इंधन, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत असे सर्व काही जुळत होते. फॉर्म २८ ची एनओसीसुद्धा, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी मूळ आरटीओने दिलेले ना-हरकत प्रमाणपत्र, व्यवस्थित होती. तेवढ्यावर माझे समाधान झाले आणि चूक तिथेच झाली. कोणत्यातरी कार्यालयाने ही गाडी नोंदवून घेतली आहे, एवढेच आरसी सांगते. ती देशात कोणत्या मार्गाने आली आणि तिच्यावर सीमाशुल्क भरले गेले की नाही, हे आरसीवरून कळत नाही. ते कळते बिल ऑफ एन्ट्रीवरून, म्हणजे आयात मालाची सीमाशुल्क विभागाकडे नोंद करणाऱ्या कागदावरून, आणि शुल्क भरल्याच्या चलनावरून. पहिली नोंदणी झाल्यानंतर गाडी हातोहात विकली जाते तेव्हा हे दोन कागद कोणी मागत नाही, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हातात झेरॉक्सची झेरॉक्स येते.

पैसे देतानाही मी सावध राहिलो नाही. ४ लाख रोख दिले, ज्याची पावती नाही. उरलेले १७ लाख आरटीजीएसने दिले, पण आरसीवर ज्याचे नाव होते त्याच्या खात्यात नव्हे, तर "मालक लांब राहतात, हे त्यांचे भागीदार" असे सांगून दिलेल्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. पुढे मी आरसीवरील पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र पाठवले, ते "या पत्त्यावर असा इसम राहत नाही" या शेऱ्यासह परत आले.

मार्चमध्ये मी नागपुरातल्या गिरीपेठच्या आरटीओ कार्यालयात अर्ज केला. परराज्यातील गाडीला आपल्याकडचा क्रमांक मिळण्यासाठी फॉर्म २७, मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, सोबत एनओसी, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा, असे सर्व जोडले होते. आयात गाडीला महाराष्ट्रात एकरकमी कराचा दर २० टक्के आहे, ही गोष्टही मला तेव्हाच समजली. मोटार वाहन निरीक्षकांनी चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने छाप घेतला आणि तो आरसीशी जुळला. त्यानंतर त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला, एरवी सीटच्या फटीत दडून राहणारी, बोटभर लांबीची एक कापडी चिठ्ठी शिवलेली होती आणि तिच्यावर निर्मितीचे वर्ष छापले होते: २०१४. त्यांनी मागचे पट्टे पाहिले. तिथेही २०१४. आरसीवर निर्मितीचे वर्ष २०१७ होते आणि बिल ऑफ एन्ट्री २०१९ चे होते.

या तीन वर्षांच्या फरकाचा अर्थ त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितला. आपल्या आयात धोरणानुसार जुनी गाडी आणायची असेल तर ती निर्मितीच्या तारखेपासून ३ वर्षांहून जुनी असता कामा नये, तिचे स्टिअरिंग उजवीकडे असले पाहिजे, आणि ती मुंबई बंदरातूनच आली पाहिजे. २०१४ ची गाडी २०१९ मध्ये कायदेशीर मार्गाने येऊच शकत नव्हती, म्हणून कागदावर ती २०१७ ची केलेली होती. माझ्या बिलावर बंदराचे नाव कोलकाता होते. तो कागद मी निदान दहा वेळा वाचला होता.

"हे बिल कस्टम्सकडून पडताळून आणा, तोवर फाइल पुढे जाणार नाही," असे त्यांनी सांगितले. त्याच रात्री मी सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट संकेतस्थळावर बंदर, बिलाचा क्रमांक आणि तारीख भरून पाहिली. ही सोय सर्वांना खुली आहे आणि त्याला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. माझ्या बिलाची नोंदच निघाली नाही. हे मी जानेवारीत केले असते तर पुढचे काहीही घडले नसते. पुढे विभागाकडून असे बिल दिलेलेच नसल्याचे लेखी उत्तर आले, आणि ऑगस्टमध्ये पंचनामा करून गाडी जप्त झाली.

सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागाने भूतानमधून शुल्क चुकवून आणलेल्या गाड्यांविरुद्ध 'ऑपरेशन नुमखोर' सुरू केले. भूतानच्या झोंगखा भाषेत नुमखोर म्हणजे वाहन. भूतानमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच असते, त्यामुळे तिथून आलेल्या गाडीत काहीच बदलावे लागत नाही आणि पाहणाऱ्याला शंका येत नाही. माझी गाडी कोणत्या वाटेने आली हे तपासात ठरेल, पण खोट्या कागदांवर दूरच्या राज्यात नोंदणी करून मग ती गाडी इतर राज्यांत विकायची, ही पद्धत तीच आहे.

अशी गाडी कोणी घेतच असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे की बिल ऑफ एन्ट्रीची मूळ प्रत पाहिल्याशिवाय आणि त्यावरील चेसिस क्रमांक स्वतः गाडीच्या चेसिसवर वाचून ताडल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. गाडी दूतावासाची असल्याचे सांगितले तर शुल्कमाफीने आलेल्या त्या गाडीवर विक्रीच्या वेळी शुल्क भरल्याचा पुरावा मागा. कार्नेटवर, म्हणजे शुल्क न भरता तात्पुरत्या प्रवेशासाठी मिळणाऱ्या कागदावर, आलेली गाडी तर परत न्यावीच लागते आणि विकताच येत नाही. व्यवहाराची सर्व रक्कम आरसीवरील मालकाच्या खात्यातच जावी, आणि मोठा हिस्सा आपल्या नावावर नोंद झाल्यावरच द्यावा. विक्रेता याला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली मी फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि आरटीजीएसच्या नोंदी पोलिसांकडे सोपवल्या आहेत; रोख दिलेल्या ४ लाखांबद्दल माझ्या शब्दाखेरीज पुरावा नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२४ खालील कारणे दाखवा नोटिशीला वकिलांमार्फत उत्तर दिले आहे. कलम १२५ प्रमाणे दंड भरून माल सोडवता येतो, पण आयातीस मनाई असलेल्या मालाबाबत तशी मुभा द्यायची की नाही हे अधिकाऱ्यांवर अवलंबून असते, आणि दिली तरी दंडाखेरीज शुल्कही भरावे लागते. तेवढी रक्कम आता माझ्याकडे नाही.