थोरली शाळेत, धाकटा घरी

आमच्या घरात सध्या दोन्ही प्रकार चालू आहेत. थोरली नववीला आहे, शाळेत जाते, आणि तिला शाळा मनापासून आवडते. धाकटा चौथी झाल्यापासून घरी शिकतो. अमळनेर-पारोळा भागातले लोक माझ्या दुकानात पंपाची मोटार दुरुस्तीला टाकायला आले की पावती घेता घेता हळूच विचारतात, "भाऊ, कसं चाललंय मग त्याचं?" त्यातल्या निम्म्यांना माझ्या पोराचं नाही, स्वतःच्या पोराचं विचारायचं असतं. हे त्यांच्यासाठी लिहितोय. होमस्कूलिंग म्हणजे काय, फी किती वाचते, ऑनलाइन काय काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. आणि फक्त टक्क्यांचा हिशोब असेल तर शाळा अधिक क्लास हा रस्ता मळलेला आहे, तिथे माझं काही म्हणणं नाही.

आधी वेळेचं बोलू, कारण ते लवकर संपतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे दिवसाला चार-साडेचार तास. यातला हजेरी, रांग, प्रार्थना, "शांत बसा" हा भाग वजा केला की एका मुलाच्या वाट्याला किती येतं, ते ज्याने त्याने आपल्या पोराला विचारावं. धाकटा रोज दोन-अडीच तास टेबलाशी बसतो. वर्षअखेर पुस्तकं संपलेली असतात. मोजून कोणी सिद्ध करायला सांगितलं तर मला जमणार नाही, घरातलं चित्र एवढंच आहे.

उन्हाचा मुद्दा मात्र आपल्या भागापुरता मोठा आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीकडे उघडतात. जळगाव-भुसावळचा पारा अकोल्याच्या पाऱ्याशी दरवर्षी स्पर्धा करतो, पण आपल्या शाळा मात्र पुण्या-मुंबईबरोबर जूनच्या मध्यावर सुरू. मार्च-एप्रिलात सकाळची शाळा होते हे खरं, पण ती सुटते भर दुपारी. थोरली सायकलवरून येते तेव्हा तिच्याशी पाच मिनिटं कोणी बोलत नाही. धाकट्याचा अभ्यास त्या दिवसांत पहाटे आणि दिवेलागणीनंतर होतो, दुपारी तो सरळ झोपतो.

पण यातल्या कशामुळेही मी त्याला शाळेतून काढलं नसतं. काढलं ते वहीमुळे.

ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना "वही पूर्ण" हा प्रकार समजावून सांगायला नको. फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत उतरवायची, महिन्याला वह्या तपासायला द्यायच्या, अपूर्ण राहिली तर लाल शेरा. पोराला ताप आला, मावशीचं लग्न निघालं, आमच्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाला, रोटांसाठी गावी जावं लागलं, की मग राहिलेल्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मागायचे. आमच्याकडे रात्री साडेनऊ-दहाला हाच उद्योग. मी मोबाइल धरायचा, फोटो मोठा करायचा, तो बघून लिहायचा. मध्येच मी विचारायचो, "हे काय लिहिलंस, कळलं का?" तो म्हणायचा, "पप्पा, आधी पूर्ण होऊ द्या."

एकदा परिसर अभ्यासाच्या पानाचा फोटो उजवीकडून कापला गेला होता. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द बाहेर. याने ओळी तशाच उतरवल्या, शेवटच्या शब्दावाचून. "पाण्याची वाफ होऊन ती" पुढे काही नाही, खालची ओळ सुरू. पूर्ण दोन पानं. मी दुसऱ्या दिवशी पाहिलं तेव्हा वही गेली होती. म्हटलं, बाई विचारतीलच. वही परत आली. प्रत्येक उत्तराला बरोबरची खूण, खाली सही आणि तारीख.

मला बाईंचा राग नाही. एका वर्गाच्या एका विषयाच्या वह्या पन्नासच्या पुढे जातात, आणि वर निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. त्या जागी मी असतो तर मीही पान उलटून सही केली असती. मला खुपलं ते वेगळंच. पोराला त्या पानाबद्दल विचारलं तर त्याला पाण्याचं चक्र नीट माहीत होतं, विहिरीचं पाणी मेमध्ये का खाली जातं तेही तो सांगत होता. पण ते सांगायला त्याला शाळेत जागा नव्हती, आणि अर्थ नसलेली दोन पानं मात्र पास झाली. त्याच्याही हे लक्षात आलं होतं. पुढे पुढे तो फोटो स्पष्ट आहे की नाही तेही बघेना.

थोरलीला हाच प्रकार आवडतो, हेही सांगायला हवं. तिच्या वह्या बघण्यासारख्या असतात. मथळा लाल, रेघ पट्टीने, आकृतीला पेन्सिल. लिहिताना तिच्या डोक्यात जातं. तिला घरी ठेवलं असतं तर ती कंटाळली असती. म्हणून दोघांपैकी कोणाची पद्धत चांगली असं मी म्हणणार नाही. आपल्या पोराची वही एकदा उघडावी आणि त्याने स्वतः लिहिलेल्या पानातला एखादा प्रश्न त्याला तोंडी विचारावा, एवढं मी सुचवीन.

घरी काय होतं? माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. जळलेली सबमर्सिबल आली की जुनी कॉइल तोडण्याआधी तिचा डेटा घ्यावा लागतो: स्लॉट किती, एका कॉइलला वेढे किती, तार कुठल्या गेजची. वेढे मोजायचं काम आता धाकट्याचं. एकदा त्याने एका मोटारीच्या पाटीवर १४४० वाचलं आणि विचारलं, की चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटार ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे घेते असं तुम्ही म्हणता, मग हे ६० गेले कुठे? मी सांगितलं, स्लिप. त्याचं समाधान होईना. रोटर जर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या बरोबरीने फिरला तर त्याच्यात करंटच तयार होणार नाही, म्हणून त्याला थोडं मागे राहावंच लागतं, हे त्याच्या गळी उतरायला बरेच दिवस लागले. तोवर इतिहासाचं पुस्तक उघडलं नाही. नंतर इतिहास आठवडाभर सलग झाला. तासाची घंटा नसण्याचा फायदा म्हणतात तो आम्हाला असा दिसला. आता कापूसवाले शेतकरी आले की तो त्यांना अहिराणीत स्लिप समजावतो. शाळेत वर्गात अहिराणी बोललं की हसं व्हायचं.

प्रत्येकाच्या घरी असं दुकान नसतं, हे मान्य. पण खान्देशात केळीचा बाग, जिनिंग, दूध संकलन, सोनाराची पेढी, शिवणयंत्र यातलं काही ना काही बहुतेकांच्या घरात किंवा शेजारी असतंच.

फिरण्याचंही तसंच. थोरलीच्या शाळेची सहल वॉटर पार्कला जाते, आणि ती त्यावर महिनाभर खूश असते. धाकट्याला घेऊन आम्ही चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आडदिवशी गेलो. तिथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा यादवकालीन शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. लेख बराचसा संस्कृत, शेवटी जुनी मराठी, आणि त्या मराठीत सगळा व्यवहार: पाटणच्या पेठेतल्या मालावर राजाकडे जाणारा हिस्सा मठाला दिला, वगैरे. गणिताच्या शाळेचा खर्च बाजारातून निघायचा, हे पोराला फार आवडलं. येताना गाडीत त्याने मला विचारलं की आपल्या बाजार समितीने अशी शाळा का काढू नये. मी गप्प.

आता शाळेच्या बाजूने. आमची आई पहिल्या दिवसापासून म्हणते, "पोऱ्या एकला पडी जाई." ती पूर्ण चुकीची नाही. संध्याकाळी गल्लीत क्रिकेटला पोरं असतात, पण अकरा ते पाच गल्ली ओस. त्याचे मित्र म्हणजे दुकानातला कारागीर, दोन शेतकरी आणि समोरचा निवृत्त टीसी. मोठ्यांशी तो छान बोलतो. बरोबरीच्या पोरांशी भांडून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर बसायचं, हे त्याला कमी मिळतं. डिसेंबरात थोरलीचं स्नेहसंमेलन बघायला गेलो तेव्हा तो सबंध वेळ स्टेजच्या बाजूच्या पडद्याकडे बघत होता. अक्षरही त्याचं अजून वेडंवाकडं आहे, आणि भूमितीतली सिद्धता लिहायची म्हटली की पळ काढतो. शाळेत हे दोन्ही हाणून-मारून झालं असतं.

काही दारं तर बंदच होतात. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवी शिकत असावं लागतं. शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म शाळेतून भरले जातात. तालुका-जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धांना शाळेचं नाव लागतं. पोरगी कबड्डीत चमकत असेल किंवा नवोदयचं स्वप्न असेल, तर माझं बोलणं इथेच सोडून द्या.

आणखी एक गोष्ट लोक विचारत नाहीत, म्हणून मी सांगतो. हे काम एका माणसाचं दिवसाचं काम असतं. आमच्याकडे भाषा, इतिहास आणि वेळापत्रक बायको सांभाळते, मी आयत्या वेळी येऊन मोटारीच्या गोष्टी सांगणारा. दोघंही सकाळी नोकरीवर जात असाल तर घरी शिकवणं म्हणजे पोराला मोबाइलच्या हवाली करणं होईल. गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत एखादा जीव लावून शिकवणारा गुरुजी असेल तर पोराला त्याच्यापासून तोडू नका, असा गुरुजी घरी तयार होत नाही.

कायद्याची भीती फार घातली जाते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणतो, कलम १० मध्ये. पण पालकाला दंड किंवा शिक्षा त्यात नाही, आणि घरी शिकण्याचा उल्लेखही नाही. म्हणजे मनाईचा शिक्काही नाही आणि परवानगीचाही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कोणी घरी आलंच, तर अभ्यासाची फाइल समोर ठेवायची, चहा द्यायचा. त्याच कायद्यात वयानुरूप प्रवेशाची सोय आहे, त्यामुळे वर्षभर करून पाहिलं आणि नाही जमलं तर पोरगा आपल्या वयाच्या वर्गात परत बसू शकतो; महाराष्ट्रात २०२३ पासून सहावी ते आठवीत बसायला मात्र पाचवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. मला धीर आला तो या कलमामुळे.

दहावीला दोन सरळ रस्ते आहेत. एक म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म, आपल्याकडे नाशिक विभागीय मंडळाखाली. दुसरा एनआयओएस, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिथे दहावीला वयाची किमान अट १४ वर्षं, विषय निदान पाच, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. दहावीला मराठी माध्यमही आहे. पुढे जेईई-नीटला एनआयओएसची बारावी चालते. १७ नंबरचा फायदा असा की पुस्तकं तीच, जी थोरलीची घरात पडलेली आहेत, आणि गावातल्या कॉलेजच्या बाबूला काही समजवावं लागत नाही. आमचा कल तरी एनआयओएसकडे आहे, कारण धाकटा गणित आणि विज्ञान आधी देऊन मोकळा होईल आणि हिंदीला हवा तेवढा वेळ घेईल.

करायचं ठरलंच तर वर्षाच्या मधे करू नका. निकाल लागला की मे महिन्यात शाळेत जाऊन शांतपणे दाखला मागा. मुख्याध्यापक दोन-तीनदा परत पाठवतील, वाद घालू नका, पुन्हा जा. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव तिथेच उभं राहून ताडून बघा, कारण नंतरच्या दुरुस्तीला फार फेऱ्या होतात. आणि मूळ दाखला लॅमिनेट करू नका. १७ नंबरला तोच मूळ कागद जोडावा लागतो.