12 व्होल्टची कॉइल घेतली पण ओहम कुणीच सांगितले नाहीत : पद्मिनीवरचा चार महिन्यांचा अनुभव

आमची प्रीमियर पद्मिनी 1986 ची, बाबांनी घेतलेली, अजून घरातच आहे आणि महिन्यातून दोनदा तरी बाहेर निघतेच. जानेवारीत जुनी इग्निशन कॉइल (बॅटरीच्या 12 व्होल्टपासून प्लगच्या स्पार्कसाठी हजारो व्होल्ट बनवते ती) गळायला लागली, टोपणाच्या कडेने आतलं तेल बाहेर यायचं, म्हणून ऑनलाईन नवीन मागवली. निळी बॉडी, क्लॅम्प सोबत, पॅकिंग एकदम व्यवस्थित, साडेआठशे रुपये. लिस्टिंगवर लिहिलेलं "12 व्होल्ट, सर्व जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी". ब्रँड लिहित नाही कारण अगदी हेच वाक्य नंतर मला अजून तीन-चार वेगळ्या नावांच्या कॉइलवर दिसलं.

बसवली आणि खरं सांगतो पहिले दोन महिने मी जाम खूश होतो. सेल्फ मारला की अर्ध्या फेरीत गाडी चालू, पिकअप पण जास्त वाटायचा. स्पार्क एवढा दणकट का येतोय हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

एप्रिलमधे वाईला निघालो, आई-बाबा मागे बसलेले. खंबाटकी चढताना गाडी मिसिंग करायला लागली, दुसऱ्या गिअरमधे पण ओढेना, आणि वरच्या वळणाआधी बंदच पडली. बॉनेट उघडलं तर कॉइलला बोट टेकवत नव्हतं. बाबांनी टॉवेल भिजवून कॉइलवर गुंडाळला, वीस मिनिटांनी गाडी चालू झाली आणि असं दोनदा करत वाईत पोचलो.

तिथे एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन भेटले, छोटंसं दुकान, बाहेर डायनामो आणि सेल्फ मोटरींचा ढीग. त्यांनी आधी डिस्ट्रिब्युटर उघडून पॉइंट दाखवले, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क, तोंडं जळून निळी पडलेली. मग कॉइल सोडवून थंड होऊ दिली, मीटर काढला, आधी मीटरच्या दोन वायरी एकमेकींना लावून बघितल्या तर 0.3 ओहम, मग कॉइलच्या प्लस-मायनसला लावल्या तर 1.8. म्हणजे वायरींचे 0.3 वजा केले की कॉइल खरी 1.5 ओहमची. म्हणाले, "दादा, ही रेझिस्टन्सवर चालणारी कॉइल हाय. तुमच्या गाडीला रेझिस्टन्स कुठं हाय?"

आमच्या गाडीला बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे कॉइलच्या आधी लावून करंट कमी करणारा रेझिस्टन्स, नाहीच, स्विचमधून वायर सरळ कॉइलला येते. अशा गाडीला साधारण 3 ओहमची कॉइल लागते. इंजिन चालू असताना 14 व्होल्ट धरले तर पॉइंट टेकलेले असतात तेव्हा 3 ओहममधून 4.7 अँपिअरच्या आसपास जातात, 1.5 ओहममधून 9.3. पॉइंटमधून दुप्पट करंट जातो आणि कॉइलमधे होणारी उष्णता 65 वॉटवरून 130 वॉटवर जाते. त्यात गाडी बंद करून किल्ली ऑन ठेवली आणि नेमके पॉइंट टेकलेले राहिले तर तो करंट अखंड चालूच, अशात तेलाची कॉइल फुटू पण शकते. मी घाटाच्या पायथ्याला थांबलो तेव्हा बाबांची गाणी चालू राहावीत म्हणून किल्ली ऑनच ठेवलेली, आता आठवलं तरी धस्स होतं.

मग अशी कॉइल बनवतातच कशाला, तर त्याला चांगलं कारण आहे. 1.5 ची कॉइल आणि तिच्या वाटेत 1.5 चा सिरॅमिकचा रेझिस्टर, मिळून 3, म्हणजे चालताना करंट नेहमीसारखाच आणि निम्मी उष्णता कॉइलच्या बाहेर. सेल्फ फिरताना बॅटरी 9-10 व्होल्टवर उतरते, त्या क्षणापुरती सेल्फकडून एक वेगळी वायर रेझिस्टरला वगळून थेट कॉइलला करंट देते. 9 व्होल्टला 3 ओहमची कॉइल 3 अँपिअर घेते, ही 6 घेते. थंडीत गाडी पटकन उचलते ती यामुळे. आमच्या गाडीत ती वगळणारी वायरच नाही, त्यामुळे नुसता रेझिस्टर आणून लावला असता तर कॉइल वाचली असती पण स्टार्टिंगचा फायदा शून्य. इलेक्ट्रिशियन काका म्हणाले त्यापेक्षा 3 ची साधी कॉइल घाला, आणि घातली, नवे पॉइंट आणि कंडेन्सरसकट.

उलटी चूक माझ्या मावसभावाने केली, तो बर्मिंगहॅमला असतो, त्याच्याकडे रबर बंपरवाली एमजीबी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. त्याने 3 ओहमची स्पोर्ट्स कॉइल घातली आणि सकाळी गाडी चालूच होईना, चढावर मिसिंग. त्याच्या गाडीत रेझिस्टर दिसत नाही कारण तो डबीत नसून हार्नेसमधेच (वायरिंगच्या जुडग्यात) रेझिस्टन्सच्या वायरीच्या रूपात असतो. 3 अधिक 1.5 म्हणजे साडेचार ओहम, करंट जेमतेम 3 अँपिअर. त्याने प्लसवर व्होल्टेज तपासलेलं, 12 आले म्हणून निर्धास्त होता, पण पॉइंट उघडे असताना करंटच वाहत नाही तर बॅलास्ट असो-नसो 12 च दिसणार. मी त्याला फोनवर इंजिन हाताने थोडं फिरवून पॉइंट टेकवायला लावले, परत मोजलं तर 8 च्या आसपास, मग पटलं. मोजून झालं की किल्ली लगेच बंद करायची, हे पण सांगितलं.

तर आता रेटिंग. कॉइल म्हणून वस्तू वाईट नाही, एवढा छळ सोसून पण ती गळली नाही, टर्मिनल घट्ट आहेत, बॅलास्टवाल्या गाडीला मी तिला चार स्टार देईन. लिस्टिंगला एक. विक्रेत्याला मेसेज करून विचारलं प्रायमरी (प्लस-मायनसमधली वाइंडिंग) किती ओहम, उत्तर आलं "सर 12 व्होल्ट आहे, सगळ्या गाडीला चालते". हे वाचून खरंच राग आला, कारण घाटात मागच्या सीटवर सत्तरी पार केलेली दोन माणसं होती. एक आकडा छापायला काय जातंय? परदेशी जुन्या कॉइलवर निदान "एक्स्टर्नल रेझिस्टरसोबत वापरा" एवढं तरी लिहिलेलं असतं.

वाईच्या काकांना पाचपैकी पाच. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळं धरून अकराशे घेतले आणि काढलेली निळी कॉइल परत देताना तिच्यावर खडूने 1.5 लिहून दिलं. मागच्या रविवारी परत खंबाटकी चढलो, वर थांबून कॉइलला हात लावला, चांगली गरम होती पण हात ठेवता येत होता.