ग्रँड प्रिझमॅटिक की मॅमथ? दोन्ही जमणार नसेल तर

मुलांकडे अमेरिकेला निघालेली आमच्या कॉलेज रोडची मंडळी हल्ली यलोस्टोन हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं राष्ट्रीय उद्यानही दीड दिवसात उरकू बघतात. उरकत नाही. रंगीत कुंड बघायचं तर ग्रँड प्रिझमॅटिक, चुन्याचे पांढरे टप्पे बघायचे तर मॅमथ. मधे सुमारे ७० किलोमीटर. नाशिक-शिर्डीपेक्षा कमीच, पण बायसनचा कळप रस्त्यात आला की गाड्या जागच्या जागी.

माझं मत आधीच सांगतो: एकच होणार असेल तर ग्रँड प्रिझमॅटिक, पण वेळ साधून. आम्ही जूनमध्ये गर्दी टाळायला सकाळी साडेसातलाच पोचलो. लाकडी फळ्यांच्या वाटेवर उभे, आणि समोर नुसती वाफ. डिसेंबरात गोदाघाटावर धुकं असतं तसं, वर गंधकाचा वास. हिने चष्मा तीनदा पुसला, कुंड काही दिसलं नाही. हवा गार असली की वाफ दाटते. म्हणून दुपारी बारा-एकला जा, आणि फळ्यांवरून नव्हे, फेअरी फॉल्सच्या पार्किंगमधून वर जाणाऱ्या पायवाटेने. जेमतेम एक किलोमीटर, चढ ३२ मीटर. पांडवलेणी चढणाऱ्याला काहीच नाही.

वरून अख्खं कुंड दिसतं. मधला निळा भाग इतका कढत की तिथे रंगीत थर धरतच नाही. निळाई खोल, नितळ पाण्याची. काठाकडे पाणी निवत जातं तसे पिवळे, केशरी, तांबूस पट्टे. हे सगळे सूक्ष्मजीवांचे थर, ज्याला जेवढी उष्णता सोसते तेवढ्यात त्याचा पट्टा.

मॅमथचं तसं नाही. तिथलं गरम पाणी चुनखडीतून वर येतं, उघड्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि चुना मागे बसतो. घरी बोअरचं पाणी असेल तर गिझरची कॉइल काढून बघा. तोच पांढरा थर, इथे टेकडीएवढा. पण झरे जागा बदलतात. पाणी सरलं की टप्पा राखेसारखा करडा पडतो, आणि आम्ही फोटो बघून गेलो तो नेमका कोरडा निघाला. कॅनरी स्प्रिंगने मात्र पैसे वसूल केले: ताटलीएवढ्या उथळ वाट्या, काठ ओले पांढरेशुभ्र, एकीतलं पाणी दुसरीत सांडतंय.

नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर प्रश्नच मिटला. ग्रँड प्रिझमॅटिककडचा रस्ता हिवाळ्यात साध्या गाड्यांना बंद असतो, मॅमथला उत्तरेच्या प्रवेशद्वारावरच्या गार्डिनर गावाकडून वर्षभर गाडी जाते. गुडघे कुरकुरत असतील तर मॅमथच्या खालच्या भागातले जिने जाचतील. उन्हाळ्यात वरच्या टप्प्यांवरून गाडीनेच चक्कर मारता येते.

वज्रेश्वरीची सवय असलेल्यांनी टॉवेल गाडीतच ठेवावा. पाणी ७० अंशांच्या आसपास, पाय बुडवायलाही बंदी. आणि रामकुंडात टाकतो तसं नाणं टाकायला हात शिवशिवला तर आवरा. याच उद्यानातल्या मॉर्निंग ग्लोरी नावाच्या निळ्या कुंडात लोकांनी नाणी आणि कचरा टाकून टाकून झऱ्याचं तोंड बुजवत आणलं. पाणी निवलं, आणि काठाचा पिवळा-केशरी रंग आत सरकत गेला.