गावातल्या आरओ प्लांटचं पाणी: अकरा महिने पिऊन आणि त्याच्या शेजारी बसून

माझी पिठाची गिरणी ग्रामपंचायतीच्या आरओ प्लांटला लागूनच, मधात फक्त एक भिंत. त्यामुळे गेल्या पोळ्याला हा प्लांट सुरू झाला तेव्हापासून किती दिवस चालला, किती दिवस कुलूप होतं, कोण आलं न् कोण येतो म्हणून नाही आलं, हे जेवढं मला माहीत आहे तेवढं सरपंचालाही नसेल. बंद पडला की लोक शिव्या पण मलाच देतात, जसा काही मीच बसवला. म्हटलं एकदा लिहूनच टाकू, आजूबाजूच्या गावांत अजून हेच प्लांट घेणं चालू आहे.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यात. बाहेरच्यांसाठी सांगतो, अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगाला जमिनीखालचं पाणीच खारं आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुण्याला चहा द्यायचा तर दूध फाटते. शहानूर धरणाचं नळाचं पाणी येते तेव्हा गोड असते पण ते येते तेव्हा येते. जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरचा हिशोब आहे, नळ आमच्याही अंगणात आहे, तोटी नवीकोरी आहे. मधल्या दिवसांत आपला जारवाला, वीस लिटरचे तीस रुपये, आणि त्याच्या जारवर ना सील ना मार्क, थंड आहे म्हणजे चांगलं आहे अशी समजूत.

मी पहिल्याच आठवड्यात टीडीएस मीटर मागवला ऑनलाइन, पेनासारखा असते तो, एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले ते दाखवते. बोअरचं पाणी २,१४०. सरकारी मानक आहे ५०० चं, दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्या म्हणतात, म्हणजे आम्ही त्याच्याही वर. प्लांटचं पाणी पहिल्या मोजणीत ७८. अठ्ठ्याहत्तर! कार्ड टेकवलं की वीस लिटर पाच रुपयात. आमच्या म्हातारीनं पहिला चहा केला आणि कप खाली ठेवून म्हणे, "काय गा बाबू, पानी एवढं गोड असते?" पहिले चार महिने पाण्याची एक तक्रार नाही, जारवाला गावात यायचाच बंद झाला. (आता परत येतो, त्याचं कारण पुढे.)

कार्डाची किटकिट मात्र दिवाळीपासूनच. रिचार्ज करणारा माणूस एकच, तो शेतात गेला की अख्खं गाव कॅन घेऊन उभं. कापूस वेचणीच्या दिवसात तर तो दिसेच ना. पण हे चालते, गावात सगळंच असं चालते.

खरी गोष्ट संक्रांतीनंतरची. मी कॅलेंडरवर आकडे लिहीत होतो, गिरणीत बसून दुसरं काय काम, लाइट गेली की मोकळाच. ७८ चे ११०, मग १९०, होळीपर्यंत ३४०. धार पण बारीक झाली, जो कॅन दोन मिनिटात भरायचा त्याला पाच मिनिटं. मी फोन केला, कंपनीचा पोरगा म्हणे उन्हाळ्यात असं होते. होत नाही भाऊ असं, उन्हाळ्यात बोअर खाली जाईल, क्षार थोडे वाढतील, पण चौपट? एप्रिलमध्ये ६१० झालं आणि बायकांनीच बोंब ठोकली की दूध परत फाटून राहिलं.

तेव्हा कुठं अमरावतीहून एक मेकॅनिक आला, बाईकवर, पाठीला बॅग, भर दुपारी. पांढऱ्या नळाचं टोपण खोललं आणि आतली मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारी गाळणी, ओढायला लागला तर निघेच ना. मी गिरणी बंद करून गेलो, एका बाजूनं मी एका बाजूनं तो, पाय टेकवून ओढली. चार इंच जाड न् चाळीस इंच लांब नळकांडी, नवीन असते तेव्हा पोरगं पण बगलेत मारून नेईल, ही अशी जड की खाली ठेवताना फरशीवर धप्प वाजली. टोकाच्या जाळीत खडूसारखा थर, नखानं खरडला तर पापुद्रे निघाले. मग त्यानं कोपऱ्यातली निळी टाकी उघडली, त्यात अँटीस्केलंट नावाचं औषध असते, ते थेंबथेंब पाण्यात जाते म्हणून क्षार मेंब्रेनवर बसत नाही. त्यानं बोट बुडवलं, वास घेतला. "भाऊ, हे तं साधं पानी हाय."

झालं असं की औषध संपलं तर आमच्या ऑपरेटरनं टाकीत पाणी भरून ठेवलं, कारण टाकी रिकामी झाली की पॅनलवर लाल लाइट लागते आणि प्लांट बंद पडते. लाल लाइट गेली, पोरगं खुश. त्याला दोष देत नाही मी, महिन्याला तीन हजारात गावातलाच बारावी पोरगा ठेवला, कंपनीनं अर्धा दिवस शिकवलं, त्यात जेवणाचा वेळ पण आला. औषध कशासाठी असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

चार मेंब्रेनचं कोटेशन आलं ५८ हजार. वॉरंटी एक वर्ष आहे ना, म्हटलं. तर कागदावर बारीक अक्षरात, मेंब्रेन, फिल्टर, औषध हे सगळं वॉरंटीबाहेर. म्हणजे वॉरंटी लोखंडी स्टँडची.

तेव्हापासून मी या धंद्याच्या मागेच लागलो, ज्याला त्याला विचारत सुटलो. आयन एक्स्चेंज, पुण्याची थरमॅक्स, चेन्नईची वाबाग, ही मोठी नावं शहरांचे न् कारखान्यांचे प्लांट करतात, पाच रुपयाच्या कॅनसाठी ते येणार नाहीत. गावात येते ती जोडणारी कंपनी. एमआयडीसीत एक शेड, पंप एकाचा, मेंब्रेन दुसऱ्याची, पॅनल तिसऱ्याचं, सगळं एका स्टँडवर कसलं आणि वर आपलं स्टिकर. मेंब्रेन बनवणारे जगात मोजकेच, मेकॅनिक लोक अजून "डाऊची टाकतो" म्हणतात, ती २०१९ पासून ड्युपॉन्टची झाली. जोडणं वाईट नाही, गाडी पण तशीच जोडतात. पण यांचा पैसा बसवण्यात आहे, चालवण्यात नाही. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशातला ६० टक्के भाग पाणी न् स्वच्छतेलाच खर्च करावा लागे, हे या कंपन्यांना ग्रामसेवकाहून चांगलं पाठ. उद्घाटनाचा फोटो झाला, बिल निघालं, पुढचं गाव.

माझा साळा नागपूरला राहतो, तो म्हणे आमच्याकडे पण पाणी खाजगीच आहे. आहे, पण तिथला सौदा वेगळा. २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी पाणी पाहते, विश्वराज आणि फ्रान्सच्या व्हिओलियानं मिळून काढलेली, करार २५ वर्षांचा. तिकडे भांडेवाडीत नाल्याचं पाणी साफ करून वीज केंद्राला देतात, म्हणजे घाण पाण्यालाही गिऱ्हाईक. चांगलं की वाईट हे नागपूरवाले रोज भांडतात, भांडू द्या. पण २५ वर्ष जिथं राहायचं तिथं मशीन खराब होऊ देणं कंपनीलाच परवडत नाही. आमच्या कंपनीला एक वर्ष काढायचं होतं, तेही नाही निघालं.

अजून एक, याबद्दल कोणी बोलत नाही. जेवढं गोड पाणी निघते जवळपास तेवढंच खारं बाहेर जाते, आमच्याकडे अर्ध्याला अर्धं. मी ते पण मोजलं, ४,१०० च्या घरात. ते सरळ नालीत, नालीतून एका कास्तकाराच्या धुऱ्यावर. त्याच्या काठच्या दोन ओळीतली तूर यंदा पिवळी पडली, जमिनीवर पांढरं फुललं. तो पंचायतीत भांडून गेला, पंचायत म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे आमच्या स्कोपमध्ये नाही. आता पाइप टाकून शौचालयाच्या टाकीला जोडलंय, अर्धं तिथं खपते, अर्धं अजून तिकडेच.

पाण्याला पाचपैकी साडेचार, मशीनला तीन, सर्विसला एक, तोही त्या बाईकवाल्या पोराचा, कारण जेवायला न थांबता चारही मेंब्रेन त्यानं काढल्या.

घेणार असाल तर प्लांट कोणत्या कंपनीचा हे नंतर पाहा, आधी तीन गोष्टी करारात लिहून घ्या: मेंब्रेन कोण बदलणार, औषध कोण आणणार, खारं पाणी कुठं जाणार. जमलं तर पैसे एकदम देऊच नका, थोडे मागे ठेवा, दर महिन्याचा टीडीएस दाखव न् घेऊन जा. आम्ही लोकवर्गणी केली, घरटी दोनशे, आणि मे महिन्यात मेंब्रेन टाकल्या, कॅन आता सात रुपये. औषधाची कॅन माझ्या गिरणीत, किल्ली माझ्याकडे. जारवाल्यानं मधल्या दोन महिन्यात परत पाय रोवले ते अजून उठले नाहीत.

आज सकाळचा आकडा ९२. जुन्या चारही मेंब्रेन गिरणीच्या कोपऱ्यात उभ्या आहेत, दळण आणायला येणारी पोट्टी त्यावर तबला वाजवतात. आणि कार्ड रिचार्ज शनिवारीच करून घ्या, रविवारी रिचार्जवाला दर्यापूरला जाते.